युरिक ॲसिड आणि हृदय : नैसर्गिक पूरकांचा कितपत उपयोग होतो?

प्रश्न
माझे वय ५२ वर्षे असून गेल्या महिन्याच्या तपासणीत युरिक ॲसिड ८.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. सांधा कधी सुजलेला नाही, मुतखडाही झालेला नाही. मात्र रक्तदाबाची गोळी चार वर्षांपासून चालू आहे आणि वडिलांना हृदयविकार होता. डॉक्टरांनी औषध न देता केवळ आहार सांभाळण्यास सांगितले. तरीही धास्ती जात नाही, म्हणून क जीवनसत्त्व, चेरीचा अर्क, माशाचे तेल आणि कोलेस्टेरॉलसाठी नायसिन अशी चार पूरके सुरू करावीत, असे मनात आहे. युरिक ॲसिड आणि हृदय या दोहोंना त्यांचा लाभ होईल का?

प्रतिसाद १
सर्वप्रथम नायसिन यादीतून वगळावे. मोठ्या मात्रेत ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे युरिक ॲसिड अडवते, म्हणजे जे उतरवायचे तेच चढते. शिवाय स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या जोडीला नायसिन देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही.

क जीवनसत्त्वाची बाजू थोडी बरी आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम दोन महिने घेतल्यावर युरिक ॲसिड सरासरी अर्ध्या मिलिग्रॅमने उतरले होते. पण आपल्या बाबतीत याचा अर्थ ८.१ चे ७.६ होणे एवढाच, आणि युरिक ॲसिडचे स्फटिक बनण्याची शक्यता ज्या पातळीपासून सुरू होते ती ६.८ च्या आसपास आहे. अधिक फायद्याच्या आशेने मात्रा दुप्पट-तिप्पट करणेही बरे नव्हे, कारण या जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट बनते आणि विशेषतः पुरुषांत मुतखड्याचा धोका वाढतो.

चेरी खाणाऱ्या गाऊटच्या (युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे सांधे सुजण्याच्या विकाराच्या) रुग्णांना सांधे सुजण्याचे झटके कमी येतात, असे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. आपल्याला गाऊट नाहीच, तेव्हा तो पुरावा आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही.

प्रतिसाद २
मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष पूरकांपेक्षा रक्तदाबाच्या गोळीकडे गेले. तिच्यात नेमके कोणते घटक आहेत?

प्रश्नकर्ता
पाकिटावर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम असे छापले आहे.

प्रतिसाद २
यातला दुसरा घटक लघवी वाढवणारा आहे आणि थायाझाइड गटातील औषधांनी युरिक ॲसिड वाढणे ही जुनी, परिचित गोष्ट आहे. वाढीचे सगळे खापर याच घटकावर फोडता येणार नाही, पण गोळी सुरू होण्यापूर्वीचा अहवाल सापडला तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लोसार्टन हे त्याच टेल्मिसार्टनच्या कुळातले औषध युरिक ॲसिड थोडे उतरवते, म्हणून असा बदल शक्य आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र स्वतःहून गोळी थांबवू नये. रक्तदाब अनियंत्रित राहिल्यास हृदयाला त्याचा धोका कितीतरी अधिक आहे.

प्रतिसाद ३
हृदयाच्या प्रश्नाबद्दल थोडेसे. युरिक ॲसिड उतरवले की हृदय सुरक्षित होते, हे गृहीतकच तपासून पाहण्याजोगे आहे. गाऊट नसलेल्या, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘ऑल-हार्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. युरिक ॲसिड चांगलेच उतरवणारे ॲलोप्युरिनॉल देऊनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. मग अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक पाडणाऱ्या पूरकाकडून हृदयासाठी काय अपेक्षा धरायची? माशाच्या तेलाने ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) कमी होतात, हे खरे. पण मोठ्या मात्रेत त्याने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ता
चार वर्षांपूर्वीचा अहवाल सापडला. त्यात युरिक ॲसिड ६.९ होते. पूरके मागवलेली नाहीत. दोन्ही अहवाल आणि गोळीचे पाकीट घेऊन पुढील आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहे.