डोक्याला मार, सीटी स्कॅनला उशीर: रुग्णालयाकडून भरपाई कशी मागावी? (इंदूर)

राजवाडा_वाचक: स्कूटरवरून पडलेल्या माणसाला इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात भरती केलं. दोनदा उलटी झाली, तरी ‘झोपू द्या’ म्हणून रात्रभर तसंच ठेवलं. सीटी नऊ तासांनी, तोवर शुद्ध हरपलेली. शस्त्रक्रियेनं जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली. बिल साडेचार लाख. ग्राहक आयोगात जायचंय, सुरुवात कुठून करावी?

जुना_केसपेपर: वकिलाच्या आधी कागद. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचार-नियमांनुसार 72 तासांत नोंदी द्याव्याच लागतात. डिस्चार्ज समरीवर थांबू नका, ती मागाहून लिहितात. नर्सिंग चार्ट हवा: जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारे गुण, पूर्ण शुद्धीला 15), डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, बीपी, प्रत्येकासमोर वेळ. सीटीची फिल्म नको, सीडी मागा; स्कॅनची वेळ तिच्यात असते.

न्यूरो_वॉर्ड: कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यात रक्त साठलं, तर रुग्ण आधी नीट बोलतो आणि मग झपाट्यानं ढासळतो. शांत झोपलाय असं वाटतं, तीच धोक्याची वेळ. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनात एकाहून जास्त उलट्या झाल्या की तासाभरात सीटी सांगितलाय. जीसीएस 15 असला तरी पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला नोंद, पुढचे चार तास दर तासाला. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण तज्ज्ञाला आधार मिळतो. चार्ट रात्री 1 ते 5 कोरा असेल तर तो मोठा पुरावा.

पण नुसता उशीर दाखवून भागत नाही. वेळेत सीटी झाला असता तर लुळेपणा टळला असता, हे दुसऱ्या न्यूरोसर्जननं लिहून द्यायला हवं. तोंडी मताला किंमत नाही. दावा कोसळतो तो इथंच.

तारीख_पे_तारीख: इंदूरच्या जिल्हा आयोगातच दाखल करा. अधिकारक्षेत्र भरलेल्या पैशांवर ठरतं, मागणीवर नाही. जिल्ह्याची मर्यादा 50 लाख. बिल 5 लाखांच्या आत, म्हणजे शुल्क शून्य, मग मागणी 40 लाखांची का असेना! मुदत दोन वर्षं, आणि वकिलाची नोटीस धाडल्यानं ती वाढत नाही. डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही पक्षकार करा. त्यांना उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत भोपाळला राज्य आयोगात अपील. फिजिओथेरपी आणि मदतनिसाच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला, आयकर विवरण आत्तापासून जमवा.

दुसऱ्या गाडीची धडक असेल तर मोटार अपघात दावा वेगळा, त्याला सहाच महिने.

राजवाडा_वाचक: आणि चार्टचं पान गहाळ आहे म्हणाले तर?

जुना_केसपेपर: तेच लेखी घ्या. नोंदी तीन वर्षं जपणं त्यांचं काम आहे. मूळ केसपेपर मागवण्याचा अर्ज आयोगात करा. पान हजर झालं नाही, तर ते रुग्णालयाच्या विरुद्ध धरता येतं.