सोमालीलँडसारखं गावाला बाहेरच्यांनी उभं करता येईल का?

उदगीरकर: आमच्या गावची निम्मी पोरं पुण्यात, काही दुबईला. काल आफ्रिकेतल्या सोमालीलँडबद्दल वाचलं, १९९१ ला सोमालियापासून वेगळं झालं, तीस वर्षांहून जास्त कुठल्याच देशानं मान्यता दिली नाही म्हणून मोठं परदेशी कर्ज नाही, तरी बाहेर गेलेल्या आपल्याच माणसांच्या पैशावर उभं राहिलं म्हणे. खरंय का? आमच्या शाळेचं छप्पर दोन पावसाळे गळतंय, पोरं दप्तर डोक्यावर धरून बसतात.

बीडची_नर्स: खरंय दादा. १९८८ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची राजधानी हर्गेसा जवळपास जमीनदोस्त झाली होती. मग लंडनहून, आखातातून हवालानं पैसे यायला लागले, आधी चूल पेटली मग घरं अन् दुकानं झाली. मला तर तिथल्या नर्स एडना अदान लई जवळच्या वाटतात, जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी केली अन् साठवलेला पैसा घालून २००२ ला हर्गेसात बाळंतपणाचं हॉस्पिटल काढलं, तिथंच नर्स अन् दाया शिकवून तयार केल्या.

दुबईत_लातूरकर: ताई बरोबर. पण पैसा बहुतेक घरी जातो, गावाला नाही. तिथल्याच बोरामा गावचं अमूद विद्यापीठ बघा, १९९८ ला सुरू झालं, गावातले अन् बाहेरचे दोघंही राबले. आमच्या रूमवर मंदिराच्या कळसाला तासात वर्गणी जमते, शाळेचं काढलं की सगळे गप, लई वाईट वाटतं. दादा, पत्र्याचा अंदाज टाका, पहिले पैसे माझे.

उदगीरकर: उद्याच गुरुजींना घेऊन माप घेतो. हिशोब शाळेच्या भिंतीवर लिहू.