‘केमॅलॉक फेल होतच नाही’ म्हणणाऱ्यांना

पलासियाचा_पॅचवाला
काल बोर्डबहाद्दर यांनी ठणकावून लिहिलं की ड्रायव्हरमध्ये केमॅलॉकनं (कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, मेमरी मागणारं फंक्शन) नल, म्हणजे ‘मेमरी नाही’, दिला का हे बघत बसणं म्हणजे कागदी घोडे, लहान ॲलोकेशन (मेमरीची मागणी) लिनक्समध्ये फेल होतच नाही, आणि बफर सेफ्टी (घेतलेल्या मेमरीच्या हद्दीतच राहणं) हा रस्ट भाषावाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा. खाली नव्या पोरांच्या अंगठ्यांचा पाऊस. तो बघून राहवलं नाही.

जीएफपी_कर्नल या नेहमीच्या, थांबायची तयारी असलेल्या प्रकारानं मागितलेली ८ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीची मागणी कर्नल सहसा परत पाठवत नाही. वेळ पडली तर ओओएम किलरकडून (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारा) कुणाचा तरी बळी घेतो, पण देतो. इथवर मान्य. पण ही कर्नलची सवय झाली, त्यानं कुणाला शब्द दिलेला नाही. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरनं मध्येच हाक मारल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) झोपता, म्हणजे थांबता येत नाही, तिथं न थांबणारं जीएफपी_ॲटॉमिक लागतं, आणि मेमरीची ओढाताण असली की ते सरळ नल हातावर ठेवतं.

आणि नल मिळणं तरी परवडलं. खरा घात होतो तो ॲलोकेशन यशस्वी होऊन कमी पडतं तेव्हा. ३२ बिटांचा बोर्ड, २४ बाइटचं स्ट्रक्चर, आयओसीटीएलमधून (ॲपनं ड्रायव्हरला हुकूम द्यायची वाट) काउंट आला १७,८९,५६,९७१. गुणाकार ४,२९,४९,६७,३०४. ३२ बिटांत तो मावत नाही, गुंडाळून उरतात ८. तुम्ही ८ बाइट मागता, ते मिळतात, नलची तपासणी पास, आणि मग लूप शेजारच्या ऑब्जेक्टवर लिहीत सुटतं. केमॅलॉक_ॲरे हा गुणाकार तपासून नल देतं. म्हणजे साहेब, तुम्ही ज्याला कागदी घोडा म्हणता त्या तपासणीवरच सगळं उभं आहे.

बोर्डबहाद्दर
व्याख्यान छान. आता जमिनीवर या. आमचे बोर्ड पीथमपूरच्या प्लांटमध्ये लागतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, धूळ, तेल, व्होल्टेजचे झटके. ते मरतात कॅपॅसिटर फुगल्यामुळे. गुणाकार गुंडाळल्यामुळे मेलेला एकही माझ्या टेबलावर आलेला नाही. डिव्हाइस फाइल रूटशिवाय (सर्वाधिकारी खात्याशिवाय) उघडत नाही, काउंट पाठवणारं ॲप आमचंच. सतरा कोटी कोण पाठवणार, माझी सासू?

पलासियाचा_पॅचवाला
आला नाही की आलेला ओळखला नाही? तुम्ही ७२ बाइट मागता, स्लब, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा, तुम्हाला ९६ बाइटच्या कप्प्यांच्या कॅशमधून देतो. २४ बाइट बाहेर सांडले तरी हूं की चूं नाही. पुढच्या आवृत्तीत स्ट्रक्चर जरा वाढतं, ९६ काठोकाठ भरतात, आणि तोच जुना सांडलेला बाइट भलत्याच सबसिस्टिमचा पॉइंटर बिघडवतो. ऊप्समध्ये (कर्नल गडबडला की छापतो त्या अहवालात) नाव येतं त्या बिचाऱ्याचं. मग तुम्ही म्हणता ‘हार्डवेअर’, आणि कॅपॅसिटर बदलता. एकदा केएसॅन (हद्दीबाहेरचं वाचन-लेखन पकडणारं कर्नलचं साधन) लावून चालवा की.

बोर्डबहाद्दर
केएसॅनच्या शॅडोला (कुठला बाइट वापरता येतो त्याच्या नोंदीला) आठवा हिस्सा मेमरी लागते, हे सोयीनं गाळलंत. वर ऑब्जेक्टभोवतीचे पहाऱ्याचे पट्टे, रेडझोन, वेगळे. ६४ एमबीच्या बोर्डावर ॲप कुठं ठेवू, खिशात?

विजयनगरचा_रस्टवाला
म्हणूनच म्हणतो, चालवून पकडण्यापेक्षा कंपाइल होतानाच अडवा. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नल ड्रायव्हरला २१ वं फील्ड वाचायचं होतं, दिलेली होती २०. हद्दीबाहेरचं एक वाचन, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन बंद पडून निळी. रस्ट लिनक्समध्ये ६.१ पासून आहे, २०२२ पासून. अजून किती वाट बघायची?

ग्वाल्हेरचा_गोंधळी
अरे रस्टमध्येही २० च्या यादीतलं २१ वं मागितलं तर ते चालतानाच पॅनिक होतं, म्हणजे काम तिथंच थांबवतं. कर्नलमध्ये पॅनिक म्हणजे मशीन निळीऐवजी काळी. रस्टच्या सुरुवातीच्या पॅचमध्ये ॲलोकेशन फेल झालं की पॅनिक व्हायचं, त्यावर लिनक्सकर्त्या टोरवाल्ड्सनी २०२१ मध्येच झापलं होतं. धर्मप्रचार जरा कमी.

आणि खरं दुखणं भाषेचं नाहीच. कॉलेजातून पोरं येतात ती टर्बो सी, म्हणजे डॉसच्या काळातला जुना सी कंपायलर, शिकून! डॉसबॉक्सच्या (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) निळ्या खिडकीत, १६ बिटांचा इंट, वर क्लियरस्क्रीन आणि गेटसीएच. माझ्याकडे आलेल्या मुलाला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (हद्दीबाहेर गेलं की प्रोग्रॅम बंद पाडणारी एरर) माहीतच नव्हता, कारण टर्बो सीमध्ये कुठंही लिहा, डॉस बापडा काही बोलत नाही.

लॅबमॅडम
झालं, घसरलात कॉलेजांवर. मी इंदुरातच शिकवते म्हणून विचारते, तुम्ही कधी लॅब चालवली आहे का? प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक येतात, त्यांना हवी तीच जुनी निळी खिडकी. मी एकदा जीसीसी या आजच्या कंपायलरवर परीक्षा घेतली तर ‘व्हॉइड मेन का नाही?’ म्हणून मुलांचे गुण कापले. ते मार्क तुम्ही भरून देणार होतात का?

ग्वाल्हेरचा_गोंधळी
मॅडम, गेट्स, म्हणजे लांबी न बघता ओळ वाचणारं फंक्शन, तरी नका शिकवू. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा इंटरनेटवर पसरलेला किडा फिंगरडी या सर्व्हरमध्ये ह्याच फंक्शनमधून शिरला, ५१२ च्या बफरमध्ये ५३६ बाइट कोंबून. सी११ नं, म्हणजे सी भाषेच्या २०११ च्या मानकानं, ते भाषेतूनच काढलं, आणि आपल्याकडं मात्र छापील जर्नलमध्ये अजून आहे.

लॅबमॅडम
मी लांबी घेणारं एफगेट्स शिकवते. जर्नल मी छापत नाही. आणि कंपन्यांचं काय? मुलाखतीत विचारता स्टारची पिरॅमिड, आणि वर ‘मेमरी समजत नाही’ म्हणून ओरड. माझ्या एका विद्यार्थिनीनं प्रोजेक्टमध्ये स्लॅबइन्फो (कर्नलच्या मेमरीवाटपाची यादी) वाचून लीक (घेऊन न सोडलेली मेमरी) शोधला होता. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, ‘हे वेबसाइटवर दिसतं का?’

विजयनगरचा_रस्टवाला
ती मुलगी आता कुठं आहे? आमच्याकडं जागा आहे.

लॅबमॅडम
बंगळूरला. तुम्ही झोपला होतात तेव्हा.

बोर्डबहाद्दर
मला सांगा, टर्बो सीवर शिकलेला मी आज बोर्ड विकतोय ना? दोष खिडकीचा नाही, शिस्तीचा. मी मजकूर कॉपी करायला स्ट्रएनकॉपी वापरतो, लांबी देतो, विषय संपला.

पलासियाचा_पॅचवाला
भिया, घात केलात! स्रोत लांबीइतका किंवा मोठा असला तर स्ट्रएनकॉपी शेवटी शून्य, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, ठेवतच नाही. पुढचा वाचणारा मग शून्य सापडेपर्यंत शेजारची मेमरी वाचत सुटतो. त्यावरचा उतारा म्हणून आलेलं स्ट्रएलकॉपी, तेही लांबी सांगायला सगळा स्रोत शेवटपर्यंत वाचायचं. ६.८ मध्ये कर्नलनं त्याला कायमचं घरी पाठवलं. आता स्ट्रएसकॉपी. शून्य ठेवतं, आणि मजकूर कापला गेला तर एरर देतं. शिस्त असलेल्या माणसाचं हे असं होतं, मग काल तुम्हाला अंगठे देणाऱ्या पोरांचं काय?

आणि ६४ एमबीचं म्हणाल तर केफेन्स आहे, ५.१२ पासून. सगळी ॲलोकेशन बघत नाही, अधूनमधून एखादं पहाऱ्यात घेतं. मेमरीही थोडी लागते. प्लांटमध्येच चालू ठेवा, महिनाभर.

बोर्डबहाद्दर
बरं बाबा. स्ट्रएसकॉपी टाकतो, केमॅलॉक_ॲरे टाकतो, ड्रायव्हर झाडून पुसून ठेवतो. स्वच्छतेत पहिला नंबर आपल्या इंदूरचाच ना, परीक्षक आले तर नाक कापलं जायला नको. नल तपासणीही टाकतो, पण ती कधी चालणार नाही हे लिहून ठेवा.

पलासियाचा_पॅचवाला
फेलस्लॅब चालू करा, कर्नल स्वतःच ॲलोकेशन पाडून दाखवतो. तुमच्या प्रोबमधला (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडणाऱ्या फंक्शनमधला) एररचा रस्ता आधी घेतलेला बफर सोडतो का, ते मला बघायचंच आहे.

बोर्डबहाद्दर
सोमवारी. शनिवार-रविवार प्लांट बंद असतो.

लॅबमॅडम
सोमवारी चालवाल तर माझी चार मुलं बघायला पाठवू का? जीसीसी येतं त्यांना.