प्रतिसाद: हेगचा मुख्य अभियोक्ता कोण नेमतं?

वर कुणीतरी म्हटलंय की हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मुख्य अभियोक्ता (तपास करून खटले चालवणारा वकील) संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद नेमते. तसं नाही. रोम कराराचे (ज्या कराराने हे न्यायालय स्थापन झालं) सदस्य देश त्याला गुप्त मतदानाने निवडतात. मुदत ९ वर्षं, आणि पुन्हा उभं राहता येत नाही. ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते. इथे सांगलीच्या कोर्टात जिल्हा सरकारी वकील राज्य सरकार नेमतं. हेगच्या अभियोक्त्याला मात्र फेरनेमणुकीसाठी कुणाची मर्जी राखावी लागत नाही. २०२१ मध्ये करीम खान दुसऱ्या फेरीत ७२ मतं मिळवून अभियोक्ता म्हणून निवडून आले, म्हणजे चुरस होतीच. परिषदेचा हात आहे तो दुसरीकडे: ती न्यायालयाकडे प्रकरण सोपवू शकते (२००५ मध्ये सुदानमधल्या दारफूरचं) आणि तपास १२ महिने थांबवूही शकते. खरी चिंता ह्या अधिकाराची करा. भारत रोम कराराचा सदस्य नाही, त्यामुळे ह्या निवडीत आपल्याला मत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.