अमेरिकेतला घटस्फोट: अपोस्टिल पुरेसं नाही

अमेरिकन डिक्रीवर (न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर) अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, घेतलं की भारतात काम झालं, असं काही जण सांगतात. अपोस्टिलने फक्त कागद खरा ठरतो, निकाल मान्य होत नाही. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर परदेशी निकाल भारतात कधी मान्य होतो हे ठरवणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 13 आणि परदेशी घटस्फोटाला ते कसं लावायचं हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा नरसिंह राव निकाल बघावा लागतो. दोघांच्या खऱ्या संमतीने मिळालेली डिक्री सहसा टिकते. एकतर्फी, तीही केवळ 'मतभेद मिटत नाहीत' एवढ्याच कारणावर, टिकणं अवघड; ते कारण आपल्या कायद्यात नाही. समन्स मिळालं म्हणजे तिथलं अधिकारक्षेत्र मान्य केलं, असंही होत नाही. शंका असेल तर कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थिती जाहीर करून घ्या, आणि कृपा करून दुसऱ्या लग्नाआधीच. डिक्री अमान्य ठरली तर पहिलं लग्न कायम राहतं आणि द्विविवाहाचा गुन्हा लागू शकतो.