सहजीवन, सहअस्तित्व की नांदणं?

माणसाहून कितीतरी हुशार यंत्रं उद्या झाली तर आपण त्यांच्यासोबत कसे राहू, या विषयावरचा एक लेख मराठीत आणतेय. पहिल्याच ओळीत 'को-एक्झिस्ट' आला आणि दोन दिवस तिथेच अडले.

कोशातला 'सहअस्तित्व' चूक नाही. पण तो वाचला की मला १९५४चं पंचशील आठवतं: भारत आणि चीन, दोन सार्वभौम देश, एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ न करता शेजारी राहणार. तो बरोबरीच्यांचा शब्द आहे आणि त्यात मध्ये सीमा आहे. फोनपासून बँकेपर्यंत शिरलेल्या यंत्राची सीमा कुठे आखायची?

'सहजीवन' जास्त ऊबदार. या विषयात तो जुनाही आहे. जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या निबंधात माणूस आणि संगणकाच्या नात्याला जीवशास्त्रातली हीच संज्ञा लावली आणि उदाहरण दिलं अंजिराचं आणि त्याच्या गांधीलमाशीच्या जातीतल्या कीटकाचं. आपल्याकडे उंबराचं तेच. पिकलेलं उंबर फोडलं की आतून चिलटांसारखे बारीक जीव निघतात. त्यातली मादी एवढ्याशा भोकातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती अंडी घालते आणि तिथेच मरते. तिने आणलेल्या परागांवर उंबराचं बी धरतं. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून ते सहजीवन. लिकलायडरला मात्र हा मधला काळच वाटत होता. पुढे यंत्रं एकटीच विचार करू लागतील, तोवर दहा वर्षं जातील किंवा पाचशे, असं त्याने लिहिलंय. म्हणजे एकाची गरज संपली की शब्दही संपला. आजच्यासाठी 'सहजीवन' चालेल, लेखातल्या उद्यासाठी नाही.

हे सगळं आईला सांगत होते. ती मटार सोलत होती. म्हणाली, "म्हणजे ती आपल्यात नांदतील का, असंच ना?" शब्द सापडला म्हणून मी खूश. तेवढ्यात तिनेच विचारलं, "पण कोण कोणाला नांदवणार?"

नांदणं म्हणजे नुसतं राहणं नाही. घर नांदतं असतं, गोकुळ नांदतं, लक्ष्मी नांदते. त्यात भरभराट आहे, रोजचं जमवून घेणंही आहे. पण मुलगी नांदायला जाते आणि सासरचे तिला नांदवतात. एका प्रयोजक प्रत्ययाने घरात सत्ता कोणाची ते कळतं. 'सह' लावलेल्या दोन्ही शब्दांत हा प्रश्न उमटतच नाही. आणि मला तर हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज यंत्राला आपण नांदवतोय. ते आपल्याहून शहाणं झाल्यावर क्रियापदाचा कर्ता बदलणार का, हे आताच विचारायला हवं. म्हणून मी 'नांदणं' ठेवतेय.

'सुपरइंटेलिजन्स'ला 'अतिबुद्धी' घेतलं नाही, कारण 'अति' लागलं की आपल्याला अतिशहाणाच दिसतो. 'महाप्रज्ञा'ही नको. प्रज्ञेत विवेक धरलेला असतो, आणि बुद्धीबरोबर विवेक येईलच असं नाही, हीच तर सगळी धास्ती. 'महाबुद्धी' बरा.

आता अडलंय ते एका विशेषणावर. ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ मध्ये लिहिलं की माणसाहून कितीतरी हुशार असं पहिलं यंत्र हा माणसाला करावा लागणारा शेवटचा शोध असेल. अट एवढीच, की स्वतःला ताब्यात कसं ठेवायचं हे आपल्याला सांगण्याइतकं ते 'डोसाइल' असावं. 'आज्ञाधारक' सैनिकी वाटतो. 'गरीब' गाईला शोभतो, पण वाचणाऱ्याला पैसाच आठवेल. 'मवाळ' म्हटलं की गोखले-रानडे. सध्या 'ऐकणारं' लिहिलंय, ऐकणारं मूल म्हणतो तसं. पण ऐकणारं मूल मोठं होतं, आणि गुड यांच्या वाक्यात त्या मोठं होण्याला जागा दिसत नाही. याहून नेमका शब्द कोणाला माहीत असेल, विशेषतः बैल माणसाळवणाऱ्यांच्या बोलीतला, तर जरूर सांगा.