मदत हवी आहे: फिल्डवर्क मे महिन्यात आणि वाडी रिकामी (कर्जत, कातकरी)

नमस्कार मंडळी,

मी मानवशास्त्रात एम. ए. करतेय, पहिलं वर्ष. परीक्षा संपली की मे महिन्यात २१ दिवसांचं फिल्डवर्क असतं आणि १५ जूनपर्यंत अहवाल द्यायचा असतो. मी कर्जत तालुक्यातली एक कातकरी वाडी निवडली आहे. विषय नातेसंबंध: लग्नानंतर जोडपं कुठे राहतं, म्हाताऱ्यांना कोण बघतं, अडीनडीला माणसं आधी कोणाच्या दारात जातात. विषय मनापासून आवडून घेतलाय.

मार्चअखेरीस ओळख करून घ्यायला गेले तर ३४ घरांपैकी ९ उघडी. बाकीच्यांना कुलूप, काहींची कुडाची दारं नुसती दोरीने बांधलेली. एक आजी ओट्यावर नातीला घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "सगली भट्टीवर गेली. शिमग्याला आलेली, चार दिस राहिली नि गेली. पावसाच्या तोंडावर येतील."

वाचलेलं सगळं होतं. भाताची कामं उरकली की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, जोडीने उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घ्यायची आणि ती हंगामभर फेडत राहायचं. खैराच्या झाडापासून काथ काढणारे म्हणून कातकरी. जंगल हातचं गेल्यावर आधी कोळशाच्या भट्ट्या आणि मग विटा. सरकारदरबारी महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती आहेत, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. हे पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण ज्या महिन्यात आम्हाला सुट्टी असते नेमक्या त्याच महिन्यात ही माणसं घरी नसतात, याचा अर्थ त्या ओट्यावर बसल्यावर कळला.

सर म्हणतात, गाव बदल, नाहीतर भट्टीवर जा. गाव बदलायचं माझ्या जिवावर येतंय. आजींनी दुसऱ्या दिवशी करवंदं बांधून दिली होती आणि "ये मग" म्हणाल्या होत्या.

भट्टीवर जाण्याबद्दल माझी खरी अडचण अशी. तिथे जायला मालकाची परवानगी लागणार. शेठ हो म्हणाले म्हणजे कामकरी माणसं हो म्हणाली असं होत नाही, पण शेठच्या देखत नाही कोण म्हणणार? संमती वर्गात तासभर शिकलो, ती इथे कशी घ्यायची? मी वही काढून बसले आणि कोणी उचलीचा आकडा बोलून गेलं, मुकादमाच्या कानावर पडला, तर मी पुण्याला परत येईन, त्या बाईला तिथेच विटा थापायच्या आहेत.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा. २१ दिवस मी कुठे घालवू? आणि मुळात २१ दिवसांत काही हाती लागतं का? मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियँड बेटांवर १९१५ ते १९१८ मध्ये दोन खेपांत मिळून दोनेक वर्षं राहिला होता, हे सतत डोक्यात येतं.

– रानवाट


प्रतिसाद १ – जुना वहीवाला

रानवाट, गाव बदलू नका. नऊ घरं उघडी आहेत ना, मग काम आहे.

मी विद्यार्थी असताना मेळघाटात असाच उन्हाळ्यात गेलो होतो. पहिला आठवडा हातपाय गाळून बसलो, मग एका म्हाताऱ्याबरोबर वंशावळी काढायला लागलो. मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सची जुनी पद्धत. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत त्याने ती वापरायला सुरुवात केली. आई कोण, बाप कोण, भावंडं किती, कोण कुठे दिलं, कोण कुठून आलं, एवढंच विचारत जायचं. तुमचा विषयच नातेसंबंध आहे, तेव्हा याहून चांगली सुरुवात नाही. मोठा कागद घ्या, वहीत मावत नाही. गेलेल्यांची नावं विचारताना मात्र जपून. कोणी घुटमळलं तर ती जागा कोरी ठेवा, पुढे कधीतरी आपणहून सांगतात.

आणि बंद घरंही तुमच्या विषयातच येतात. कोणत्या घरातून कोण गेलं, जोडीत कोण कोण, सासूला मागे का ठेवलं, नात आजीकडे का राहिली आणि नातू आईबरोबर का गेला, हे आजींना तोंडपाठ असणार. वाडीचा नकाशा काढा आणि प्रत्येक दारापुढे हे लिहा.

तीन आठवड्यांत काय होतं म्हणाल, तर ओळख होते. ती पक्की झाली की दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी त्याच वाडीत पावसाळ्यात जाता येतं. लावणीच्या दिवसांत वाडी भरलेली असते.

प्रतिसाद २ – खाडीकाठ

मी याच पट्ट्यात बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गळालेली पोरं आणायला भट्ट्यांवर जायचो, म्हणून लिहिते.

भट्टीवर कामाच्या वेळी जाऊ नका. उन्हामुळे माणसं रात्रीच उठून थापायला बसतात, आणि मजुरी हजार विटांवर असते. तुमच्याशी बोलण्यात गेलेला अर्धा तास त्यांच्या हिशोबातून जातो. आठवड्याची खर्ची मिळते ती बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी बाया बाजारात येतात, सुकी मासळी, मीठ-मिरची घेतात, झाडाखाली टेकतात. तिथे भेटा. शेठ नसतो, मुकादमही आपल्या कामात असतो. आजींचा निरोप घेऊन गेलात तर आणखी बरं, "तुमची आई बरी आहे, नातीचा ताप उतरला" एवढं सांगितलंत तरी बाई बोलती होते.

उचलीचा आकडा तुम्ही विचारूच नका. कोणी आपणहून सांगितला तर नाव, भट्टी, गाव काहीही न लिहिता तेवढाच टिपा.

एक गोष्ट निघण्याआधी सरांशी बोलून ठेवा. कोणाला डांबून ठेवलंय, मारहाण होतेय असं दिसलं तर तुम्ही काय करणार? १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे, तहसीलदाराकडे जाता येतं. पण त्या कुटुंबाला न विचारता तक्रार केलीत तर त्याचे चटके त्यांनाच बसतात. हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही.

पोरांकडेही बघा. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्या वाडीत ती पोचली आहे का, हे नक्की विचारा.

प्रतिसाद ३ – कुंपणापलीकडे

वरच्या दोघांशी सहमत, पण माझं मत आणखी कडक आहे. पहिल्या वर्षाच्या अहवालासाठी भट्टीच्या आवारात पाऊलच टाकू नये. "खाडीकाठ" शाळेच्या बाई म्हणून जात होत्या, त्यांचं काम सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही कोण हे ना शेठला कळणार ना मजुराला. दोघंही तुम्हाला सरकारी समजतील, आणि त्या भीतीपोटी मिळालेलं उत्तर तुमच्या काय कामाचं?

रानवाट

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री तिन्ही प्रतिसाद दोनदा वाचले.

असं ठरवतेय: भट्टीवर जाणार नाही. ५ ते १८ मे वाडीत, आजींच्या आणि उघड्या घरांतल्या माणसांबरोबर वंशावळी आणि घरांचा नकाशा. मधल्या दोन बाजारांना आजींबरोबर जाईन, त्या करवंदं विकायला जातातच. उरलेले सात दिवस लगेच न वापरता २७ मेपासून घेणार, म्हणजे माणसं परत येतील तेव्हा मी तिथे असेन. सरांना आज मेल केली, तुकडे पाडायला हो म्हणाले. डांबून ठेवण्याबद्दलचं बोलणं सोमवारी आहे.

आता दोनच प्रश्न उरलेत. वाडीची विहीर एप्रिलमध्येच आटते म्हणे आणि बाया लांबून पाणी आणतात. मी त्यांच्या हंड्यातलं पाणी पिऊ की स्वतःचं घेऊन जाऊ? स्वतःचं नेलं तर परकेपणा दिसेल, नाही नेलं तर त्यांची एक खेप वाढेल. आणि आजींकडे राहायचं तर पैसे कसे द्यायचे? हातात ठेवले तर त्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटते. तांदूळ, तेल, सुकट घेऊन जाणं बरं का?